सारवलेली होडी

धोंडाबाईबद्दल विचारायचं तर मला विचारा. गावात विचाराल तर "बाई पांढऱ्या पायाची" एवढं सांगतील आणि तंबाखू मळायला लागतील. मी महिपती सुतार. आता लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर रंधा मारतो, बोलणंही इथलंच झालंय, पण जन्म आंदर मावळातला. नांगर, पाभर, बैलगाडी, दाराची चौकट, गावातलं सगळं लाकूड आमच्या घरातून फिरायचं. होडी मात्र आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिली नव्हती.

धरण झालं आणि पाणी चढलं. भातखाचरं गेली, वाट गेली. अलीकडं आमचं गाव उरलं, पलीकडं ठाकरांची वाडी, आणि मधे नजर पोचणार नाही एवढं पाणी. वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. शेवटी दोन्हीकडच्यांनी मिळून पनवेलच्या खाडीवरनं एक जुनी रुंद होडी आणली, गाडीवर घालून घाट चढवली. गेणूची सगळी खाचरं पाण्याखाली गेली होती, म्हणून होडी चालवायला त्याला दिली. ढेकळं फोडणारा माणूस, पण शिकला बिचारा.

होडीच्या पोटावर आडव्या तुळ्या होत्या, त्यांच्यावर फळ्या ठोकून सपाट जागा केलेली. माणसं तिथंच बसायची, शेळ्या-म्हशी तिथंच उभ्या राहायच्या. पहिल्याच आठवड्यात गेणूची आई अंबूबाई काठावर आली आणि त्या फळ्या बघून तिनं नाक मुरडलं. मी शेजारीच वल्ह्याला मूठ बसवत होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं.

"मानसं भाकरी घिऊन बसत्यात, जनावरं घान करत्यात, आन् ही अशी उघडी फळी? घराला सारवतीस, मंग हिला का न्हाई?" म्हातारी सुनेला म्हणाली.

"आत्याबाई, लाकडाला कोन सारवतं?" धोंडाबाई म्हणाली.

"मी सांगते म्हनून सारव."

झालं. सासूचा शब्द तो. दर सोमवारी धोंडाबाई शेणाची पाटी घेऊन होडीवर चढायची. शेण आणि माती कालवून असं सारवायची, की बघत राहावं. बोटांच्या कमानी एकीला एक लागून. मागच्या टोकाला गेणू दोरखंडाचं वेटोळं ठेवायचा, तेवढा कोपरा सोडून सगळी होडी अंगणासारखी. पाय घसरायचा नाही, बसलं की धोतराला डाग नाही. पलीकडच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. खाडीवरचा एखादा कोळी असता तर त्यानं पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. पण आमच्यात पाण्यातलं कळणारा कोण होता? भात लावणारी माणसं आम्ही.

पुढं एका भाद्रपदात ते घडलं. वाडीतला नथू ठाकर आपली म्हैस घेऊन होडीत चढला. भर पाण्यात फळी फुटली आणि गेणूचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. म्हैस बिथरली, होडी कलली, पाणी आत आलं. बाकीची माणसं काही ना काही धरून तरंगली. गेणूचा पाय फळ्यांत अडकलेला. होडी कुशीवर गेली ती त्याला घेऊनच. नथू म्हशीच्या शेपटाला धरून काठाला लागला आणि माझ्या मते तिथंच त्याचं वाटोळं झालं. मेला असता तर लोकांनी रडून घेतलं असतं.

"म्हशीनं फळी फोडली. नथूनं गेणूला मारलं," असं गावानं ठरवून टाकलं. नथू गळा फोडून सांगायचा, "म्हस फुडं व्हती रं, गेणूभाऊ मागं व्हता." ऐकतो कोण? गावानं त्याच्याशी बोलणं तोडलं, वाडीनंही. त्याला कुणी कापणीला बोलवीना, की चुलीवरचा विस्तव देईना. गरिबाच्या बाबतीत न्याय कसा चटकन होतो आमच्याकडं.

होळी झाली, पाणी उतरलं, तशी धोंडाबाई माझ्या दारात आली. घरात दोन लेकी आणि म्हातारी. "महिपतीभाऊ, होडी दुरुस्त करून द्या. मी चालवीन," म्हणाली. बाईमाणूस होडी चालवणार म्हणून लोक हसले. पण हसणाऱ्यांपैकी कुणी तिच्या घरी पायली भात नेऊन टाकला नव्हता.

होडी काठावर पालथी पडली होती, ती सुलटी केली. सारवणाचे पापुद्रे फटींत अजून चिकटलेले होते. मी लाकडात पटाशी घातली तर ती लोण्यात जावी तशी गेली. फळी उचलली, तर खालून काळी, भुसभुशीत. तुळीचं टोक मी चिमटीनं कुस्करलं. ओल वरनं कोंडली गेली होती, सुकायला वावच नाही. धोंडाबाई फळ्या उचलून एका बाजूला रचत होती. मागच्या टोकाला पोचलो तर पटाशी टणकन उडाली. जिथं दोरखंड असायचा, ते लाकूड खणखणीत, त्याला काही झालं नव्हतं.

ती कितीतरी वेळ त्या कोपऱ्याकडं बघत राहिली. मग भोकाकडं बघितलं. भोक मागच्या बाजूला होतं, गेणू वल्हं मारायला उभा राहायचा तिथं. म्हैस तिथं कधीच नव्हती.

"हितं मी सारवत न्हवते," ती म्हणाली.

मी पटाशी धोतराला पुसत बसलो.

"सांगा की भाऊ. माझ्या सारवन्यानं कुजलं ना?"

"व्हय," मी म्हणालो. "पन आता कुनाला बोलू नगंस. गेलेला मानूस येनार हाय का? झाकली मूठ ऱ्हाऊ दे. दोन लेकी उजवायच्यात तुला."

कुजलेल्या तुळ्या काढून मी जांभळीच्या घातल्या, वर सागाच्या फळ्या ठोकल्या. फटींत काथ्या तिनंच ठासला, डांबर तिनंच लावलं. डांबरानं हात काळे झाले, भाजले. तोंडातून अवाक्षर नाही. फार राग यायचा मला तिच्या त्या गप्प बसण्याचा.

होडी पाण्यात घालायच्या दिवशी सगळं गाव काठावर जमलं. होडी आम्ही निम्मी पाण्यात लोटून ठेवली होती. अंबूबाई सगळ्यांत पुढं. तिच्यामागं चार बायका शेणाच्या पाट्या घेऊन उभ्या. नव्या होडीला सारवून, हळदकुंकू वाहून मग पाण्यात सोडायची, असा म्हातारीचा बेत. बायकांनी पदर खोचले.

धोंडाबाई फळ्यांवर आडवी उभी राहिली. "सारवू नका," ती म्हणाली. "म्हशीनं काय बी केलं न्हाई. नथूचा काय बी गुना न्हाई. माझ्या सारवन्यानं फळी कुजली आन् माझा मानूस गेला."

बायकांनी पाट्या तिथंच खाली ठेवल्या. मूर्ख बाई, मी मनात म्हणालो, आणि माझे डोळे भरून आले.

अंबूबाई पुढं झाली. म्हातारी खरंच विसरली होती, की मुद्दाम विसरली होती, देव जाणे. तिनं विचारलं, "तुला कोनी सांगितलं व्हतं फळीला सारवाय?"

मी तोंड उघडलं. धोंडाबाईनं माझ्याकडं असं बघितलं, की ते मला मिटावं लागलं.

"कोनी न्हाई, आत्याबाई," ती सासूला म्हणाली. "माझं मीच."

"मंग माझा ल्योक तूच खाल्लास."

"व्हय," धोंडाबाई म्हणाली, आणि वल्ह्यानं होडी पाण्यात रेटून नथूला आणायला एकटीच पलीकडं निघाली.