गुरुवारचा कंट्रोलर

कंट्रोलरला दारुडा चालण्यावरून नव्हे, पत्ता विचारण्यावरून ओळखू येई. दर गुरुवारी संध्याकाळी तो शाळेमागच्या गल्लीत लाकडाच्या वखारीपाशी उभा असे. शाळेच्या मागच्या खोलीत दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक भरे. पाटी नव्हती, आणि ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत त्या बैठकीचा पत्ता विचारणे म्हणजे स्वतःच्या नावाची दवंडी पिटणे होते. म्हणून येणारा माणूस दुसरेच काहीतरी विचारी. मी गल्लीत चार फेऱ्या मारून होमिओपॅथीचा दवाखाना विचारला.

"डॉक्टर वारले," कंट्रोलर म्हणाला. "तुमची पाळी यायची आहे. मागच्या दाराने आत जा."

तो एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. एका दुपारी पिऊन त्याने लाउडस्पीकरवरून राजापूरच्या प्रवाशांना गणपतीपुळ्याच्या गाडीत बसवले आणि चूक दाखवणाऱ्यांना त्याच लाउडस्पीकरवरून शिव्या दिल्या. नोकरी गेली, आवाज राहिला. बैठकीत आम्ही पहिलीच्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचो. नवा माणूस रडू लागला की कंट्रोलर घड्याळाकडे बघे. रडणे आटोपले की सांगा, तुमच्या बायकोने हे आधीच बघितले आहे, असे म्हणे. एका कारकुनाने या जन्मात पुन्हा शिवणार नाही म्हणून गळ्याची शपथ घेतली, तेव्हा तो म्हणाला, "जन्माचं तिकीट इथे मिळत नाही. आजचं घ्या. उद्या जिवंत असलात तर उद्याचं."

खोलीत कोण दिसले ते बाहेर बोलायचे नाही, हा नियम तो कठोरपणे पाळी. एका गुरुवारी मी गेलो नाही. शुक्रवारी सकाळी तो माझ्या कचेरीत आला आणि सगळ्यांदेखत, आईला आता कसे आहे, असे विचारून गेला. माझी आई वारून बरीच वर्षे झाली होती. पुढचा गुरुवार मी चुकवला नाही.

त्याची बायको आणि मुलगी राजापूरकडच्या गावी त्याच्याच थोरल्या भावाकडे राहत. दोन वर्षे तो प्यायला नव्हता. तरी घराच्या अंगणाबाहेरूनच त्याला परतवत. बैठकीचे त्याने गावी सांगितले नव्हते. दारुड्यांच्या टोळक्यात बसून कोणाची दारू सुटते, असे भाऊ म्हणाला असता. तिसऱ्या शिमग्याला भावाचा निरोप आला. देवीची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की गावासमोर तिला हात लावून जन्माची शपथ घे. मग घर तुझे, बायको तुझी.

त्याने हे बैठकीत सांगितले. मी त्याला त्याच्याच तिकिटाची आठवण करून दिली.

"तुमची बायको घरात आहे," तो म्हणाला. "तुम्हाला रोजचं तिकीट परवडतं."

पुढच्या गुरुवारी वखारीपाशी कोणी नव्हते. मी त्याच्या खोलीवर गेलो. तो बाटली पुढ्यात घेऊन बसला होता. लपवायची तसदी त्याने घेतली नाही. विचारल्यावर, प्रवाशाला गाडीची वेळ सांगावी तसे त्याने सगळे सांगितले.

शपथ झाली. गुरवाने गाऱ्हाणे घातले. त्या दिवशी बायकोने त्याला घरात जेवायला वाढले. दुसऱ्या दिवशी वाडीच्या सीमेवर राखणदार देवाला कोंबडा आणि दारू दिली. उरलेली दारू तीर्थ म्हणून घराण्यातल्या पुरुषांच्या हातावर आली. त्याने हात मागे घेतला. भावाने सर्वांसमोर सुनावले, की ही दारू नव्हे, देवाचे तीर्थ आहे. नाकारलेस तर कोप वाडीवर येईल आणि वाडी तुझ्या पोरीकडे बोट दाखवील. त्याने हात पुढे केला. पहाटेच्या गाडीने तो कोणाला न सांगता रत्नागिरीला आला.

मी म्हणालो, आज गुरुवार आहे. चला, पुन्हा पहिल्यापासून.

"तुम्ही पडलात तर उद्या उठता," तो म्हणाला. "मी देवीसमोर जन्माचं बोललो. ते एकदाच मोडतं."

आंब्याचा हंगाम संपायच्या आत तो सरकारी इस्पितळात मेला. मी त्याच्या गावी घरच्यांना भेटायला गेलो. भाऊ ओटीवर चार माणसांत बसला होता. त्याचे दुःख खरे होते आणि त्याचा निष्कर्षही तयार होता. गावात धाकट्याने दारूच्या थेंबाला तोंड लावले नाही, असे त्याने मला सांगितले. तीर्थाचा विषय त्याच्या मनातही नव्हता. शपथ पाळायचीच नव्हती, म्हणून रत्नागिरीला पळाला, असे तो म्हणाला. माणसांनी माना हलवल्या. मग त्याने मला विचारले, "तुमची वळख कुठली?"

"रत्नागिरीची," मी म्हणालो. "आम्ही दर गुरुवारी भेटायचो."

"कुठं?"

खोलीतले बाहेर बोलायचे नाही, हा कंट्रोलरचाच नियम होता.

भाऊ माणसांकडे वळला. "हेच ते," तो म्हणाला. "ह्यांच्याच संगतीत ग्येला."

कंट्रोलरची बायको माझ्यासाठी चहा घेऊन दारापर्यंत आली होती. ती तशीच कप घेऊन आत गेली.