ब्याण्णवच्या वेगाचे अण्णा

आमच्या कमलनगर तालुक्यात, आणि मी तर म्हणेन अख्ख्या बिदर जिल्ह्यात, आमच्या शेजारच्या जीपवाल्या अण्णांइतका हळू गाडी चालवणारा माणूस झाला नाही आणि पुढे होईल असं वाटत नाही. हे मी कौतुकाने म्हणतो आणि हिशेब करून म्हणतो. मी अडत दुकानात मुनीम आहे; अंदाजपंचे बोलायची मला सवय नाही. म्हणूनच दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, अण्णांच्या ओसरीवर अण्णा, त्यांच्या बायको म्हणजे आमच्या अक्का आणि मी असे तिघे हजर असताना, अण्णांच्या मोबाइलवर आलेला निरोप वाचून माझं डोकं फिरलं. निरोप कानडीत होता. भालकीच्या अलीकडे कॅमेऱ्याने अण्णांची गाडी टिपली होती. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड, रुपये एक हजार. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"किती म्हणायलास?" अण्णांनी विचारलं.

"ब्याण्णव."

"ब्याण्णव रुपये?"

"दंड हजार रुपये, अण्णा. ब्याण्णव हा वेग. तासाला ब्याण्णव किलोमीटर."

अण्णांनी दारातल्या जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणाचा?"

हा प्रश्न अगदी रास्त होता. अण्णांची जीप तिसाच्या वर गेलेली मी तोवर पाहिलेली नव्हती. चाळिसाला म्हणे तिची दारं बोलू लागतात आणि पन्नासाला, अण्णांच्याच शब्दांत, "ती देवाचं नाव घ्यायली." रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी अण्णा गाडी थांबवतात, खाली उतरतात, दोन्ही बाजूंना रूळ बघतात, फाटकवाल्याला गाडी कधीची आहे ते विचारतात आणि मग वर येऊन बसतात. गतिरोधक आला की शंभर पावलं आधी मोठ्याने सांगतात, "पोट धरा, माय!" एकदा आमच्या इकडच्या मेहकरच्या रस्त्यावर मेंढरांचा एक कळप मागून आला आणि शिस्तीत आमच्या पुढे निघून गेला. शेवटी चालणाऱ्या मेंढक्याने खिडकीत वाकून काळजीने विचारलं, "अण्णा, बंद पडली का वो गाडी?" मी लाजेने मान खाली घातली. अण्णांना काही वाटलं नाही. ते म्हणाले, "पळायला काय, उतारावर दगुड बी पळतोय. थांबायला अक्कल लागती."

आणि ह्या हळूपणावरच त्यांचं घर चालतं, हे परगावच्या माणसाला सांगूनही पटणार नाही. आमच्याकडे बाळंतीण दवाखान्यातून घरी आणायची तर अण्णांच्याच जीपमधून, असा गेल्या कित्येक वर्षांचा रिवाज आहे. टाके दुखत नाहीत, बाळाची मान हलत नाही. अण्णा मागच्या बाकावर गोधडी अंथरतात, उन्हाच्या बाजूला लुगडं बांधतात आणि निघताना बाळाच्या कानाशी जाऊन सांगतात, "घाबरू नको रे, घर कुठं पळून जायलंय?" आमच्या गल्लीतली निम्मी पोरं जगात आली ती अण्णांच्या वेगाने. माझी दोन्ही त्यातलीच.

ह्या हळूपणाने जळणारं माणूस एकच, ते म्हणजे अक्का. त्यांच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला अण्णांनी त्यांना जीपमधून नेलं. अक्का अक्षता मुठीत धरून मांडवात शिरल्या तेव्हा दुसरी पंगत उठली होती. त्या अक्षता त्यांनी मांडवाच्या दारात अण्णांच्याच डोक्यावर टाकल्या, असं सांगतात. "जल्मात एकदा तरी माझ्यासाठी पळवली असती ह्या माणसानं गाडी," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते मला ऐकूच येत नसे.

त्या सोमवारी मात्र अक्कांनी हातातलं सूप खाली ठेवलं. एवढंच विचारलं, "दिवस कोणता लिवलाय वो, मुनीम?" मी सांगितला. दसऱ्यानंतरचा गुरुवार, दुपारी साडेतीन. त्या "व्हय का" म्हणाल्या आणि आत गेल्या.

तो गुरुवार माझ्याही लक्षात होता. त्याच दुपारी अक्का न्हाणीत घसरून पडल्या होत्या. अण्णा बिदरला भाडं घेऊन गेलेले. मीच डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, अक्कांचा डोळा लागला. अण्णांना फोनही मीच लावला. तीन वाजले होते. बिदर आमच्यापासून साठेक किलोमीटर. ब्याण्णवने येणारा माणूस पाऊण तासाच्या आत दारात हवा. अण्णा आले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि माझा तीनदा चहा झाला होता. याहून पक्का पुरावा कोणता? मी अण्णांना म्हटलं, "चला बिदरला. हा दंड भरायचा नाही."

पुढच्या दोन दिवसांत तर प्रश्न हजार रुपयांचा राहिलाच नाही. बातमी संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचली. तिथल्या पोरसवदा जीपवाल्यांनी अण्णांना झेंडूचा हार घातला, आणि "आलं बघा ब्याण्णव!" म्हणत हॉर्न वाजवले. ते एक वेळ चाललं असतं. पण दोन दिवसांनी मेहकरचे एक गृहस्थ येऊन ओसरीच्या कडेला टेकले आणि टोपी काढून म्हणाले, "अण्णा, नातीला आणायचंय परवा. दुसरी गाडी सांगितली. मनाला लावून घेऊ नका. सुनेचा बाप भ्यायलाय." अण्णांनी त्यांना पाणी दिलं, मान डोलावली. ते गेल्यावर जीपमधली गोधडी काढून झटकली, घडी केली आणि पुन्हा जागेवर ठेवली. मला म्हणाले, "कोंबडीच्या अंगावर बी गाडी घातली न्हाई रे म्या आजवर. कामून माझ्या वाट्याला हे?"

बिदरच्या त्या कचेरीत खिडकीतल्या माणसाने आमचं अर्धंही ऐकून घेतलं नाही. "क्यामेरा सुळ्ळ हेळल्ल री," म्हणाला. कॅमेरा खोटं बोलत नाही. मी तीन वाजता फोन, पाच वाजता हजर, साठ भागिले दोन असा हिशेब मांडला. तो म्हणाला, आधी भरा, मग तक्रार करा. म्हणजे चोरी केली नाही असं म्हणणाऱ्याने आधी चोरीचा माल परत करायचा! मी अडतीत जन्म काढला. तिथेसुद्धा वजनात खोट निघाली तर आधी काटा तपासतात, शेतकऱ्याला दंड करत नाहीत. मी हे मोठ्याने बोललो. मागच्या रांगेतले दोघेतिघे "बराबर हाय" म्हणाले. खिडकीतला माणूस जेवायला गेला. आमची एक खेप फुकट गेली.

दुसऱ्या खेपेला मी आतल्या साहेबांच्या दारातच बसून राहिलो. "फोटो दाखवा," एवढंच म्हणत राहिलो. तासाभराने त्यांनी कंटाळून फोटो उघडला. पांढरी जीप, अण्णांच्यासारखीच. अण्णा पडद्याला नाक लावून म्हणाले, "सायब, ही माझी न्हाई. माझ्या जीपला पुढं बाळकृष्ण हाय." साहेबांनी नंबराची पाटी मोठी केली, आणि मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना.

अण्णांच्या गाडीचा नंबर तीन हजार नव्याण्णव. त्या गाडीची पाटी कुणा हौशी रंगाऱ्याकडून रंगवलेली, सुरुवात अण्णांच्या पाटीसारखीच, इंग्रजीत, आणि शेवटचे चार आकडे ठसठशीत मराठीत: ३०११. आता मराठीतला एक इंग्रजी वाचणाऱ्या डोळ्याला नऊ दिसतो, हे आमच्या सीमेवरच्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. कॅमेऱ्याला नाही, आणि त्याचे फोटो वाचणाऱ्यालाही नाही. साहेबांनी त्याला बोलावलं. तो म्हैसूरकडचा तरुण, नुकताच बदलून आलेला. त्याने पडद्यावर बोट ठेवून ठामपणे सांगितलं, "ओंबत्तु, सर." नऊ, साहेब.

"ओंबत्तु अल्ल, तम्मा," अण्णा मायेने म्हणाले, "ओंदु." नऊ नव्हे रे बाळा, एक.

साहेब हसले. मी हसलो नाही. एका माणसाला एक वाचता आला नाही म्हणून दुसऱ्याचं नाव गावात जातं, यात हसण्यासारखं काय आहे? साहेबांनी सांगितलं की गाडीच्या कागदांची प्रत जोडून उद्या अर्ज द्या, दंड रद्द करतो. मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. चार ओळी, एकही खाडाखोड नाही. परतीच्या वाटेवर अण्णा खुशीत होते. आनंदाच्या भरात त्यांनी पस्तिसाचा काटा गाठला, मग माझ्याकडे ओशाळून बघत पाय उचलला.

घरी पोचेस्तोवर दिवे लागले होते. ओसरीवर अक्का बसलेल्या, भोवती गल्लीतल्या चारपाच बायका. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

"मी बाई न्हाणीत पडलेली," अक्का सांगत होत्या. "कंबर गेली म्हणून रडायलेले. ह्या मुनीमनं फोन लावला अन् आमचे मालक बिदरहून ब्याण्णवनं आले. ब्याण्णवनं! म्या डोळे मिटले, उघडले, तर उशाला उभे. मला वाटलं, सपान हाय. आता सरकारच सांगायलंय की!"

"अन् तुम्ही म्हणत हुता त्यांना बैलगाडी," एक बाई म्हणाली.

"म्हणायचे बाई. जल्मभर म्हणले," अक्का म्हणाल्या. "माणूस कळायला येळ लागतो."

मी अर्ज हातात घेऊन पुढे होणार तोच अण्णांनी माझी बाही धरली. घट्ट धरली. "मुनीम," ते कुजबुजले, "गप."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन बसस्टँडमागच्या कंप्युटरच्या दुकानात गेले. मला आधी कळेना. दंड भरायला आलोय हे कळल्यावर मी तिथेच तावातावाने बोललो, अगदी त्यांचा मान विसरून. म्हटलं, हा खोटा पैसा आहे. गुन्हा दुसऱ्याचा, चूक तिसऱ्याची आणि भरणार तुम्ही? एकदा भरलात की कबूल केल्यासारखं होतं. मेहकरचा माणूस पुन्हा दारात येणार नाही. पोटावर पाय येईल तुमच्या. निदान त्याला तरी मला खरं सांगू द्या.

"सांगायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "मेहकरला सांगितलं की सांजच्याला हिच्या कानावर यायलंय."

"पण तुम्ही गाडी पळवलीच नव्हती, अण्णा!"

"न्हवती पळवली." ते बाकावर बसले. "तुझा फोन आला तवा लई वाटलं, गाडी मारावी. भालकीपतोर मनात तेच चाललंय, मार, मार. पाय खाली जाईचना. ती तिकडं पडलीय अन् मी इकडं म्हशीला वाट द्यायलोय." त्यांनी खिशातून पैसे काढले, म्हणाले, "पळवल्याचा दंड न्हाई, मुनीम. न पळवल्याचा समज. भर."

मी आजही सांगतो की हे चूक झालं. ३०११ ची पाटी अजून तशीच फिरते आहे, आणि तिचा मालक कधी दहा पैसेही भरणार नाही. पण त्या बाकासमोर मला हिशेब सुचला नाही.

दंड रुपये एक हजार, सरकारला. भरणावळ तीस रुपये, दुकानदाराला. एक हजार तीस, सगळे अण्णांच्या खिशातून. सुटे नव्हते म्हणून त्यातले तीस मी देऊ केले, तर ते म्हणाले, "नगं. हे माझं मलाच द्यायचंय."