अबोला घेऊन बँकॉकला

आमच्या घरात एखादी गोष्ट घडली की ती तिथेच संपत नाही. कोणी पाहुणा आला, चहा टाकला, की कोणीतरी म्हणतंच, "शोभा, तो बँकॉकचा किस्सा सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चहा पुन्हा टाकावा लागतो. आता सगळे हसतात. तेव्हा मला मात्र अजिबात हसू येत नव्हतं, कारण त्या सगळ्या किश्श्यांच्या मध्ये मी बसले होते. अक्षरशः मध्ये!

साल असेल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी. माझा मोठा भाऊ प्रकाशदादा टेक्स्टाइल इंजिनिअर, नोकरी बँकॉकजवळच्या एका कापड गिरणीत. एक दिवस त्याचं पत्र आलं. गिरणीच्या ऑफिसातली नोई नावाची मुलगी आहे, तिच्याशी लग्न करायचंय, तुम्ही हो म्हणा. सोबत फोटो. बाबा तेव्हा नागपूरच्या गिरणीत शिफ्टवर होते. आईने फोटो दारातल्या उजेडात धरला, दोन मिनिटं पाहिला आणि मला म्हणाली, "लिही. पोरगी पसंत हाय, आम्ही येतो."

पत्र लगेच पेटीत पडलंसुद्धा!

संध्याकाळी बाबांना कळलं. मला वाटलं, परदेशी सून म्हणून आता आकांडतांडव होणार. पण ते एवढंच म्हणाले, "पोरीचं काही नाही. मले विचारलं काहून नाही?"

त्या दिवसापासून त्यांनी आईशी बोलणं बंद केलं. आई कुठे कमी होती? तिनेही बंद केलं.

* * *

अबोला चार महिने चालला. नागपुरातल्या इंदोरा वस्तीतलं आमचं घर दोन खोल्यांचं. तिथे न बोलता राहायचं म्हणजे केवढी मेहनत! सगळे निरोप माझ्यामार्फत जायचे.

"शोभा वं, तुह्या मायले सांग, भाजीत मीठ नाही."

आई तीन हातांवर बसलेली. "तुह्या बापाले सांग, बरणी समोरच हाय!"

"तिले सांग, दिसून राहिली मले!"

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या वर्षी पुस्तकांपेक्षा निरोपच जास्त पाठ झाले. दादाला यातलं काही कळवलं नाही. दोन वर्षांनी पोरगा भेटणार, तेही लग्नात, आणि हे दोघं असे फुगून उभे राहिले तर? नोईच्या माणसांना काय वाटेल? दादाला काय वाटेल? या विचाराने मला रडू यायचं.

बाबा येणारच नाहीत, अशीही भीती होती. पण पासपोर्टचा फॉर्म त्यांनीच सर्वांत आधी भरला. मी चकित. तर म्हणाले, "लग्न माह्या पोराचं हाय. त्याच्यात तुह्या मायचा काय संबंध?"

* * *

पासपोर्टसाठी चौकशीला पोलीस शिपाई आला. आता बाबा पडले गिरणीच्या युनियनचे पुढारी. संपाच्या दिवसांत पोलीस त्यांना शोधत यायचे, तेव्हा सगळी गल्ली एका सुरात सांगायची, असा कोणी इथं राहत नाही! गल्लीला ती सवयच लागलेली.

शिपायाने शेजारच्या शांताकाकूंना विचारलं. "नाही बा, असा कोणीच नाही इथं!" पुढच्या घरात सांगितलं, ते केव्हाचेच गाव सोडून गेले. पानठेलेवाल्याने तर कहर केला. संध्याकाळी तो मोठ्या अभिमानाने बाबांना म्हणाला, "भाऊ, आज पोलीस आला होता. मी तुमाले मारूनच टाकलं. गेला बिचारा वापस!"

बाबांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः ठाण्यात गेले आणि म्हणाले, "साहेब, मी जिवंत हाय."

तिथला हवालदार जुना ओळखीचा. त्यानेच बाबांना संपात तीनदा धरलं होतं. त्याने बाबांकडे वरून खाली पाहिलं. "तुमी आपल्या पायानं ठाण्यात आले? मंग तं नक्कीच काहीतरी गडबड हाय!"

पण रिपोर्ट त्याने चांगला दिला. पासपोर्ट हातात आले तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, आई आणि बाबांनी वेगवेगळ्या खोल्यांत.

* * *

नागपूरहून कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढे विमान. तिघांनाही पहिलंच. तीन सीट्स, मधली अर्थातच माझी. विमान धावायला लागलं तसे बाबा ताठ झाले आणि डोळे गच्च मिटून म्हणाले, "तुह्या मायले सांग, भेवाचं काही काम नाही म्हणा."

आई खिडकीतून मजेत खाली पाहत होती. "तुह्या बापाले सांग, आधी डोये उघडा म्हणा!"

* * *

लग्न नोईच्या गावी, तिच्या आईच्या घरी होतं. वडील नव्हते तिला. सकाळी आधी भिक्खू आले. आईने माझा हात धरला. "शोभा वं, आपल्याले काही समजन का?" ती त्या घराच्या उंबरठ्यापासूनच धास्तावलेली. भाषा परकी, जेवण परकं, आणि सूनही परकीच की!

भिक्खूंनी सुरुवात केली. चाल वेगळी, उच्चार वेगळे. पण दुसऱ्याच क्षणाला आईची मान वर झाली. "अवं, हे तं आपलंच हाय!"

बुद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी त्रिशरण-पंचशील चुकलेलं नाही. आईने हात जोडले आणि खणखणीत नागपुरी चालीत सुरू केलं. बाबांनीही सुरू केलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचा आवाज मी एकाच वेळी ऐकला! नोईची आई वळून पाहतच राहिली. शेवटी ती सरकत आली आणि आईला अगदी चिकटून बसली. एक शब्द न कळता दोघी जणी डोळे पुसत होत्या. माझ्या छातीवरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

संपल्यावर बाबा माझ्याकडे झुकले. मला वाटलं, आता तरी!

"तुह्या मायले सांग, भंतेजीच्या एक ओळ पुढं जाऊन राहिली होती."

* * *

मग आम्ही दादाला घेऊन रस्त्याच्या टोकाला गेलो आणि तिथून त्याच घराकडे वरात निघाली. ढोल, नाच, हातात केळीची रोपं आणि ऊस. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण नवरीच्या दारात मुलींनी सोन्याची साखळी आडवी धरून वाट अडवली. पाकीट दिल्याशिवाय नवरदेव आत जायचा नाही, ही तिथली रीत! एक दार झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला दादाची पाकिटं संपली.

बाबा पुढे झाले. "जिंदगीभर मी गिरणीचं गेट अडवलं. आज पयल्यांदा मले कोणी अडवलं!"

त्यांनी पिशवीतून संत्र्याच्या बर्फीचा डबा काढला आणि साखळी धरलेल्या पोरींच्या तोंडात एकेक तुकडा घातला. पोरींचे हात साखळीत अडकलेले, नाही तरी कशा म्हणणार? तिसऱ्या तुकड्याला साखळी खाली आली.

"समझौता झाला!" बाबांनी जाहीर केलं.

* * *

दुपारी नवरा-नवरीची खोली सजवली. तिथली एक रीत अशी की लग्नाचा पलंग नवरा-नवरीच्या आधी एका वडीलधाऱ्या जोडप्याने अंथरायचा, त्यावर स्वतः पडायचं आणि एकमेकांशी दोन गोड शब्द बोलायचे. जोडपं खूप वर्षांचं हवं, मुलंबाळं सुखरूप हवीत आणि मुख्य म्हणजे न भांडणारं हवं. म्हणजे तोच गुण पोरांना लागतो.

नोईच्या मामांना इंग्रजी येत होतं. त्यांनी दादाला विचारलं, "तुझे आई-वडील चालतील? भांडतात का?"

दादा छाती फुगवून म्हणाला, "छे! येऊन चार दिवस झाले, एका शब्दानेही वाद नाही!"

मी त्याची बाही ओढली. पण आता काय सांगणार? आईने चादर अंथरली, बाबांनी उशा ठेवल्या. मग दोघं पडले, दोन कडांना, छताकडे बघत. दारात नोई गुडघ्यांवर बसलेली, मागे तिचं अख्खं गोत. सगळे वाट बघतायत.

बाबांनी खाकरून माझ्याकडे पाहिलं. "शोभा वं, तुह्या मायले सांग..."

मामांनी लगेच हात वर केला. नाही, नाही! मध्ये कोणी नको, त्यांनी आपल्याच तोंडाने बोलायचं.

मी मनातल्या मनात दोघांना हात जोडत होते. पंखा तेवढा फिरत होता. शेवटी आईनेच कूस वळवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अवो, पोरगी पसंत हाय का तुमाले?"

बाबांनी उशीवरची मान तिच्याकडे वळवली.

"पसंत हाय," ते म्हणाले. "आता हात दे. लय मऊ हाय हा पलंग, माह्याच्यानं एकट्यानं उठणं होऊन नाही राहिलं."