पागनीस आणि शर्यतीचा खांब

देवासच्या त्या मैदानावर रोज सकाळी साठ-सत्तर माणसं फिरायला येत आणि सगळी एकाच दिशेनं फिरत. शरच्चंद्र पागनीस तेवढे उलट दिशेनं फिरत. त्यामुळे एका फेरीत प्रत्येक माणूस त्यांना दोनदा समोरून भेटे. पहिल्यांदा लोक "राम राम मास्साब" म्हणत, दुसऱ्यांदा नुसती मान हलवत, आणि दुसऱ्या फेरीपासून मोबाईलमध्ये बघत.

कुणी नवख्यानं कारण विचारलंच, तर पागनीस थांबून सांगत, "घोडे असेच पळायचे, भिया. सगळं गाव उलटं फिरतंय."

हे मैदान संस्थानच्या काळात घोड्यांच्या शर्यतीचं होतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यांच्याशिवाय कुणाला त्याची फिकीरही नव्हती. सव्वा मैलाची धाव. आकार पेरूच्या फोडीसारखा, टेकडीकडे निमुळता आणि विहिरीकडे रुंद. टेकडीच्या बाजूला असा चढ, की तिथे घोड्यांचा कस लागे आणि उतारावर स्वारांचा. त्यात देवासला गाद्या दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोघींची हद्द नेमकी मैदानाच्या मधून गेलेली. घोडे हद्द ओलांडत तेव्हा एका पातीचा बँड थांबे आणि दुसरीचा सुरू होई. निकाल कुणी द्यायचा, यावर दोन्हीकडून इतकी भांडणं झाली, की शेवटी पंच बाहेरून, धारहून, बोलवायचं ठरलं.

तो पंच म्हणजे पागनीसांचे पणजोबा, बळवंतराव.

"पणजोबांच्या नजरेतून एक घोडा सुटला नाही," पागनीस सांगत. "दोन्ही पात्या इतक्या खूश झाल्या, की त्यांना धारला परत जाऊच दिलं नाही. म्हणून आम्ही देवासचे."

स्वतः पागनीस मात्र घोड्यावर कधी बसले नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी सरकारी शाळेत भूगोल शिकवला. त्यांच्या लग्नात घोडी नुसती फुरफुरली, तर नवरदेव मांडवापर्यंत पायी गेले. ही हकीकत त्यांच्या पत्नी जयवंतीबाई न विचारता सांगत.

मग मैदान सुधारायचं ठरलं. मैदानाभोवतीच्या वसाहतीतल्या लोकांनी समिती नेमली आणि तिचा प्रमुख झाला हर्षित नावाचा तरुण इंजिनिअर. त्यानं नकाशा काढला: चालायला गोल लाल पट्टा, चार बाकं, आणि विहिरीजवळच्या कोपऱ्यात मुतारी. पागनीसांनी नकाशा पाहिला आणि त्यांचा चहा हातातच निवला. शर्यत जिथे संपे तो दगडी खांब, जिथे त्यांचे पणजोबा उभे राहत, तो विहिरीजवळच होता असं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं.

"अंकलजी, मी कुठे नाही म्हणतो?" हर्षित अदबीनं म्हणाला. "पण समितीला सबूत लागेल. खांब तर दिसत नाही."

सबूत होता. बळवंतरावांच्या हातचा मोडीतला एक कागद पागनीसांनी देवघरात जपून ठेवला होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकूही लागे. फक्त तो घरात कुणाला वाचता येत नव्हता. पागनीसांच्या मते ते पणजोबांना मिळालेलं मानपत्र होतं.

मोडी वाचणारं माणूस धारला होतं. पागनीसांच्या आईची मावसबहीण भवानीबाई, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. देवळाचे जुने कागद वाचता वाचता त्यांची मोडी पक्की झाली होती. पागनीस नात किमयाला घेऊन इंदूरमार्गे बसनं धारला गेले. किमया कॉलेजात होती. तिला छापील मराठीसुद्धा अडखळत वाचता येई, पण आजोबांना बस लागते म्हणून ती सोबत आली.

भवानीबाईंनी भिंग लावलं, कागद मनातल्या मनात शेवटपर्यंत वाचला आणि भिंग खाली ठेवलं.

"शरद, तू जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"जेवतो मावशी. आधी वाचा."

"आधी जेव."

"मावशी, वाचा ना."

मग त्या वाचू लागल्या. "सेवेसी विनंती विज्ञापना ऐसीजे. शर्यतीचे दिवशी सेवक विहिरीचे उत्तरेस चाळीस पावलांवर खांबापाशी हजर होता. घोड्यांस दोन फेरे होते. पहिला फेरा जाहला. ऊन फार. खांबालगत निंबाची छाया होती, तेथे सेवकाचा डोळा लागला."

"डोळा लागला मतलब?" किमयानं विचारलं.

"झोपले," भवानीबाई म्हणाल्या.

त्या पुढे वाचू लागल्या.

"जाग आली तो एकच घोडा येताना दिसला. पुढे दुसरा नव्हता, सबब तोच पहिला ठरविला. मागाहून समजले की बाकी सर्व घोडे आधीच गेले होते. सदर घोडा लंगडत होता. आता देवासचे लोक हसतात, आणि धारेस येण्यास सेवकास तोंड नाही. सबब येथेच राहण्याची परवानगी असावी."

किमया हसून हसून वाकली. भवानीबाईंनी पदर तोंडाला लावला होता, पण त्यांचे खांदे हलत होते. "धारच्या दरबाराला लिहिलेल्या माफीपत्राची नक्कल आहे रे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अक्षर मात्र सुरेख."

परतीच्या बसमध्ये पागनीसांना बस लागली नाही. घरी आल्यावर दोन दिवस ते फिरायला गेले नाहीत. जयवंतीबाईंनी पोहे पुढे ठेवले, तर म्हणाले भूक नाही.

"पणजोबा झोपले त्याला शंभर वर्षं झाली," जयवंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही का उपाशी?"

"त्या कागदाला मी दसऱ्याला फुलं वाहिली आहेत."

तोड किमयानं काढली. "आबा, आपण फक्त चाळीस पावलंवाली लाइन दाखवू. बाकीचं घडी करून आत. किसी को क्या पता?"

पागनीसांना हे पटलं. इतकं पटलं की ते पोहे खायला बसले.

रविवारी सकाळी समितीची बैठक मैदानातच भरली. तीस-एक माणसं होती. पागनीसांनी घडी केलेला कागद पुढे धरला आणि चाळीस पावलांचं वाक्य खणखणीत आवाजात सांगितलं.

"छान," हर्षित म्हणाला. "पण अंकलजी, कागद अर्धा का मुडपलाय?"

पागनीसांनी कागदाकडे पाहिलं. वहीचं पान मुडपून शेरा लपवणाऱ्या कितीतरी पोरांना त्यांनी बाकावर उभं केलं होतं, आणि त्यांतले निदान दोघे आता टक्कल पडलेले समोर बसले होते. त्यांनी घडी उलगडली. मग खाकरून, भवानीबाईंकडून उतरवून आणलेलं सगळं पत्र त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, निंबाच्या सावलीसकट आणि लंगड्या घोड्यासकट. जिथे लोकांना समजत नव्हतं तिथे हिंदीत सांगितलं.

मग टकल्यांपैकी एकजण फिसकन हसला आणि पाठोपाठ सगळं मैदान हसलं. पागनीस कानापर्यंत लाल झाले, पण खाली बसले नाहीत. हसणं ओसरल्यावर म्हणाले, "खोटंच लिहायचं असतं, तर त्यांनी स्वतःला मानपत्र लिहिलं असतं. हे खरं आहे. चाळीस पावलं मोजा."

मोजायलाही वांधा आला. पागनीसांची चाळीस पावलं एका दगडापाशी संपली, तर उंच हर्षितची पार पुढच्या झुडपात. "बळवंतरावजींची हाइट किती होती?" हर्षितनं विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी दोन्हींच्या मधे खणायचं ठरलं. कामगारांनी दीड हात माती काढली आणि पहार ठण्णकन वाजली. आडवा पडलेला काळा घडीव दगड निघाला, पुरुषभर लांब. शेजारी कुजलेलं जाड मूळ होतं. ते निंबाचंच, असं पागनीस म्हणाले आणि त्या दिवशी त्यांना कुणी आडवं गेलं नाही.

मुतारी दुसऱ्या कोपऱ्यात गेली. पट्टा मात्र गोलच राहिला; पेरूची फोड हर्षितच्या अंदाजपत्रकात बसेना. खांब उभा करून त्याच्याजवळ पाटी लागली. पाटीवर बळवंतरावांचं नाव होतं, आणि झोपेचा उल्लेख करायचा की नाही यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. पागनीसांनीच करा म्हणून सांगितलं.

आता रविवारी जवळच्या शाळांतली मुलं खांब बघायला येतात. पागनीस त्यांना दोन्ही पात्यांचे बँड, टेकडीचा चढ, पणजोबांचा डोळा लागणं, सगळं हावभाव करून सांगतात. लंगडा घोडा तर ते स्वतः पळून दाखवतात.

"चाळीस वर्षं भूगोल शिकवलात," जयवंतीबाई एकदा म्हणाल्या, "पण वर्ग असा कधी ऐकत बसला होता का?"

"भूगोलात कुणी झोपत नाही ना," पागनीस म्हणाले.

"झोपत होते," जयवंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही फळ्याकडे तोंड करून असायचात."