चार बाटल्या दूध आणि लोहाचे थेंब

नात दीड वर्षाची, अंगानं काटकुळी. फ्रँकफर्टला लेकाकडे आले तेव्हापासून तिला भरवायचं काम माझं, कारण सून नोकरीला जाते आणि किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, अजून जागा मिळालेली नाही. पोर घासाला तोंड उघडेना, मग मी आपली दूध देत गेले. सकाळी एक बाटली, दुपारी एक, संध्याकाळनंतर दोन. दूध पोटात गेलं की आपल्यालाच बरं वाटतं, नाही का!

पुण्याहून नणंदबाईंची व्हिडिओवर रोज तपासणी. "वहिनी, पोर वाळलीय हो. टॉनिक पाठवते." आणि खरंच कुणाच्या तरी बॅगेतून तीन टॉनिकं आली. मी बूचसुद्धा उघडलं नाही. उचलली आणि डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन ठेवली.

बाईंनी पोरीच्या तपासण्यांच्या पिवळ्या वहीतली वाढीची रेघ पाहिली, रक्त तपासलं. निकाल घ्यायला लेक, सून आणि मी गेलो तेव्हा सून मला मराठीत सांगता सांगता थांबली.

"सांग की."

"अहो आई, लोह कमी आहे. दूध किती देता, विचारतायत."

मी चार बोटं दाखवली.

रेघ ठीक आहे म्हणाल्या, पोरीची घडणच बारीक. पण दुधानंच पोट भरतं, जेवण जात नाही, मग लोह येणार कुठून? बाटली बंद, दूध कपातून थोडंसं, आणि लोहाचे थेंब मोजून. त्या तीन टॉनिकांना? "नाइन." म्हणजे नाही; तेवढं जर्मन मला कळतं.

ट्रॅममध्ये लेक म्हणाला, "आई, उद्यापासून तू राहू दे. भरवायचं आम्ही बघतो."

"चुकले, मान्य," मी म्हटलं. "म्हणून चमचा खाली ठेवू? तू काय हवेवर वाढलास? थेंब मीच देणार, आणि मसुराच्या वरणावर लिंबू पिळून मीच भरवणार."

सून खिडकीबाहेर बघत हसली.

चार दिवस पोरीनं बाटलीसाठी घर डोक्यावर घेतलं. मी हलले नाही. पाचव्या दिवशी तिनं वरणाची वाटी स्वतःच ओढली.

परवा नणंदबाई किंचाळल्या, "अगंबाई, दात काळे! काय घालता तरी काय?"

"लोह. डाग आहेत ते, जातात. सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी."

"आणि माझी टॉनिकं?"

"ती नाही द्यायची, वन्सं. वाटी रिकामी झालीय, ठेवते."

आणि ठेवलाच फोन.