बंदूक आधी, परवाना मागून?

मैत्रिणींनो, आज पाटोद्याहून कचेरीचा शिपाई आला. बंदुकीच्या अर्जाचा कागद हाली नाण्यात एक रुपया, परवान्याची फी तीन रुपये, त्याच्या घोड्याला वैरण आमच्या पदरची.

"नवा कायदा हाय. अर्जासंगं बंदूकबी जमा करा, परवाना आला की परत मिळंल."

आमचे हे द्यायला उठलेच. मी म्हटलं, "पावती?"

"कावून बाई, सरकारवर भरोसा न्हाई?"

"हाय की. पण देवळातसुद्धा मी चपलांवर नजर ठेवते."

तो हसला, पावती देईना. मीही बंदूक दिली नाही.

ज्वारीत रानडुकरं शिरतात आणि घरात बिनपरवान्याची बंदूक. खंडेनवमीला पुजायला तरी राहील का? सोमवारी तो पुन्हा येणार. तुमच्यापैकी कुणाची बंदूक कचेरीतून परत आली असेल, तर उलट टपाली कळवा. नसेल आली, तर आधी कळवा.