अकरावा नियम

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मंडळातल्या कुणाला नाही, ज्यांच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं त्या वडिलांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही माझी पत्रकं वाचली असतील — हुंड्याविरुद्धचं, देवीला पोरी सोडण्याविरुद्धचं. त्यांत मी फार ठामपणे बोलतो. तो ठामपणा खोटा नाही. पण त्याच हाताने मी आणखी एक पुस्तक लिहिलं आहे, आणि तेही कदाचित तुम्ही पाहिलं असेल. एस.टी. स्टँडवर, आरत्या आणि राशिभविष्य यांच्या मधे, दोरीला अडकवलेलं.

थांबा. आधी घरचं सांगतो.

वडील साताऱ्याला एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. घरात खेळणी नव्हती, पत्रकं होती. छपाईत बिघडलेली, एका बाजूला कोरी. कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि उलटी बाजू वाचत मोठा झालो. संप, सभा, दारूबंदी. ‘नमस्कार’ लिहिता येण्याआधी मला ‘निषेध’ लिहिता येत होतं. वडिलांना याचा केवढा अभिमान. छापलेलं अक्षर खोटं बोलत नाही, असं ते मानायचे. अजून मानतात.

पुढे सांगलीला आलो. सकाळी कॉलेज, दुपारी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. समाजसुधारणेचं काम करणाऱ्या आमच्या तरुणांच्या मंडळाची पत्रकंही तिथंच छापायचो, आणि बाजारात वाटलेलं पत्रक डोळ्यांदेखत शेंगांची पुडी झालेलं पाहायचो. बाहत्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. छापखान्याचे मालक एक दिवस म्हणाले, “काय लेखक, लेखणी लय तिखट हाय तुमची. जरा गोड लिवा की. पोरं स्टँडवर इचारत्यात, पोरीसंगं बोलायचं कसं, असं काय पुस्तक हाय का.”

मी चिडलो. दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसलो.

गरज होती असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. गरज नव्हती. मला वाचक हवा होता. ज्याची पुडी होत नाही असा कागद हवा होता — बस, एवढंच.

पुस्तकाचं नाव ‘तिच्या मनाची किल्ली’. लेखक प्रोफेसर मदनराज, मुंबई. मुंबई मी तेव्हा पाहिलीही नव्हती. आणि घरच्या बायका सोडल्या तर कुठल्या मुलीशी सलग चार वाक्यं बोललो नव्हतो — मंडळातली सुमन तेवढी वगळून. तरी मी नियम लिहिले. दहा. केस कसे ठेवावेत. तिच्या भावाशी आधी ओळख कशी काढावी. ती रागावली तर आनंद मानावा, कारण रागावणारी मुलगी आपला विचार करत असते. हे वाक्य माझं. त्याच आठवड्यात सभेत ‘स्त्री ही प्रथम माणूस आहे’ असं म्हणालो होतो, तेही माझंच.

छपाईला गेलं तेव्हा शेवटचं अर्धं पान मोकळं राहिलं. मालक म्हणाले, “कायतरी टाका हितं. कोरं बरं दिसत न्हाई.” तेवढ्यात खिळे जुळवणाऱ्याची बायको त्याला डबा देऊन निघाली आणि दारातून रोजच्यासारखं म्हणाली, “येते.” मला हसू आलं. उभ्या उभ्या मी अकरावा नियम लिहून दिला: निरोप घेताना ती ‘जाते’ म्हणाली तर आशा सोडावी. ‘येते’ म्हणाली तर होकार समजावा, ती शब्द देऊन गेली आहे. अशा वेळी तीन दिवस त्याच जागी उभे राहावे.

आपल्याकडे निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? अभद्र वाटतं म्हणून दारावर आलेली भाजीवालीसुद्धा ‘येते’ म्हणूनच वळते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर तो नियम सुचला. त्यातून एकही मुलगी सुटत नव्हती, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला आशा मिळत होती.

पुस्तक खपलं. पुन्हा छापावं लागलं. मी स्टँडवर उगाच जाऊन उभा राहायचो, कोण घेतं ते बघत.

आता सुमनचं सांगायलाच हवं.

पलूसजवळच्या एका खेड्यातली. पलूसच्या स्टँडवरून रोज एस.टी. धरून सांगलीत विश्रामबागला कॉलेजात यायची. घरचा ऊस होता, पण सातवीच्या पुढं शिकलेली घरातली ती पहिली मुलगी. मंडळाचं काम माझ्याहून चांगलं करायची. माझ्या पत्रकांतली लांब वाक्यं खोडून विचारायची, “दादा, हे बाजारात बसलेल्या बाईला कळंल का?”

तिच्या गावचा दिनकर फौजेतून सुट्टीवर आला होता. वाईट माणूस नव्हता — हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मी त्याला लांडगा म्हटलं. पलूसच्या स्टँडवर त्यानं तिला विचारलं, आपण कधीमधी बोललेलं चालेल का. ती उत्तर देणार तोच एस.टी. लागली. ती म्हणाली, “गाडी आली, येते.” एवढंच. हुकूम पाळायला शिकलेला माणूस तो. तीन दिवस उन्हात त्याच खांबाजवळ उभा राहिला. ती मान खाली घालून गाडीत चढायची. चौथ्या दिवशी त्याची आई आणि चुलते तिच्या घरी मागणी घालायला गेले. “तुमच्या पोरीनं शबूद दिलाय आमच्या पोराला.” आणि दिनकरनं खिशातून माझं पुस्तक काढून अकरावा नियम दाखवला. छापलंय बघा, म्हणाला.

तिच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं, “बोलली हुतीस?” ती म्हणाली, बोलले, पण. त्या ‘पण’च्या पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. मागणी आबांनी नाकारली, पण पोरीवरचा विश्वासही गेला.

कॉलेजची पुस्तकं परत करायच्या निमित्तानं एक दिवस ती सांगलीला आली आणि थेट छापखान्यात. माझ्यापुढं ‘तिच्या मनाची किल्ली’ ठेवलं. “दादा, हा मदनराज कोण ते हुडका. त्याला आबांसमोर उभा करायचाय. त्यानं एवढंच म्हणायचं, हे मी आपल्या मनानं रचलं, खरं नाही. आबा छापलेलं मानतात. लिहिणारा स्वतः आला तर ऐकतील. वर्ष वाया जाणार नाही माझं.”

मालक शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाची चवड सारखी करू लागले.

मी म्हणालो, “शोधतो.”

पलूस सांगलीहून एस.टी.नं तासाभराचं. एक वाक्य बोलायला तासभर जायचं होतं. मी गेलो नाही. मंडळ काढून टाकेल, वडिलांना कळेल, ती मला दादा म्हणायचं थांबवेल — हे सगळं डोक्यात होतं. पण त्यातलं काय तिच्या शिक्षणापेक्षा मोठं होतं? मी दोन आठवडे शोधत असल्याचं नाटक केलं. आणि मग जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं.

ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक. मदनराजला मी सोलून काढला. त्याचं कुठलं वाक्य कुठं पोकळ आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? साताऱ्याच्या सभेत वाचून दाखवलं तेव्हा लोक उठून टाळ्या वाजवत होते. वडील मागच्या रांगेत होते. त्यांनी पत्रकाची घडी करून खिशात ठेवली.

त्यात मी लिहिलं होतं — ‘पलूस स्टँडवर एका फौजी लांडग्याने गाठलेली आमची एक हुशार भगिनी’. नाव नव्हतं. नावाची गरज होती का? पलूसच्या बाजाराच्या दिवशी ते पत्रक वाटलं, माझ्याच सांगण्यावरून. दोन घरांतली गोष्ट त्या दिवशी बाजारभर झाली. या वेळी पुड्या बांधल्या गेल्या नाहीत. लोकांनी वाचलं.

महिन्याच्या आत आबांनी सुमनचं लग्न लावून दिलं. जतकडच्या घरी.

याला पाच वर्षं होत आली. मी आता परत साताऱ्याला आलोय, खोली घेऊन राहतो. गेल्या महिन्यात ती मला साताऱ्यात दिसली. नवऱ्याला इथल्या एका कारखान्यात काम लागलंय. एक मूल कडेवर, एक हाताला. बोलणं बदललंय, सासरचं झालंय. मला बघून मनापासून हसली.

“दादा, लिवताय न्हवं अजून?”

हो म्हणालो. मुलांची नावं विचारली. मग तिनंच सहज विचारलं, “त्यो मदनराज घावला का वो कवा?”

आसपास कुणी नव्हतं. घाई नव्हती. ती वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“न्हाई घावला,” मी म्हणालो. मुद्दाम तिच्या बोलीत, जवळच्या माणसासारखं.

“जाऊ द्या. तुमी तरी किती हुडकणार. लय केलंसा तुमी माझ्यासाठी.”

मी मान हलवली.

तिचं घर माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर आहे. मदनराज मी आहे. हे तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगितलेलं नाही.